विषय : शाळेच्या वेळेबाबत

आमचं घराणं लोकांना झोपेतून उठवणाऱ्यांचं आहे. हे मी समाजप्रबोधनाच्या अर्थाने म्हणत नाही. माझे वडील, तात्या, मनमाडला रेल्वेत कॉलमन होते. झोपलेल्या माणसाला जाऊन उठवणं हेच त्यांचं काम होतं आणि त्याचा त्यांना दरमहा पगार मिळत असे.

गाडी पहाटे चारची असली, की दोन तास आधी तात्या सायकल काढून ड्रायव्हरच्या क्वार्टरवर जायचे. दार वाजवायचे. माणूस उठून दारात आला की त्याच्यापुढे एक लांबट वही धरायचे. तिला कॉलबुक म्हणत. 'मला वेळेवर उठवलं' याची सही त्या वहीत घ्यायची, की तात्यांची जबाबदारी संपली. पुढे तो परत जाऊन झोपला तर दोष त्याचा!

या पगारावर मी शिकलो. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात पहिला पदवीधर झालो आणि नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो. आज मी आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे (विभागात मी धरून दोन माणसं). तात्यांचे, माझ्या गावच्या शाळेचे आणि तिथल्या शिक्षकांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगतो. माझी बायको वैशाली म्हणते, की विचारल्यावर सांगितलंत तर लोकांना जास्त आवडेल.

त्यातही माझं एक ठरलेलं वाक्य होतं. "मी पहाटे चारला उठून अभ्यास केला, म्हणून आज इथे आहे." हे वाक्य मी भाचरांना ऐकवलं, शेजारच्या मुलांना ऐकवलं, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही ऐकवलं. (तो म्हणाला, "मी साडेतीनला उठतो साहेब, म्हणून इथे आहे." त्यानंतर मी त्याला काही ऐकवलं नाही.) पण ज्या एका व्यक्तीवर या वाक्याचा परिणाम व्हायला हवा होता, तिच्यावर तो होईना. ती म्हणजे आमची कन्या ऋतुजा, इयत्ता नववी.

सहावीपर्यंत ही मुलगी आमच्या आधी उठून आम्हाला उठवायची. घराण्याचं नाव काढणार असं वाटत होतं. आठवीत काय झालं कळलं नाही. रात्री दहाला दिवे घालवले तरी तिचे डोळे टक्क उघडे, आणि सकाळी साडेपाचला हाक मारावी तर सिमेंटचं पोतं! हाक मारली, पांघरूण ओढलं, पंखा लावला. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत पंखा लावल्यावर माणूस उठून बसतो, असा माझा समज होता. माणूस उशी पोटाशी धरून आणखी गोल होतो.

शाळा सातची. व्हॅन सहा पंचवीसला कोपऱ्यावर. आणि शाळेचा नियम असा, की उशीर झाला की 'लेट' लागणार आणि सात लेट झाले की खेळाच्या संघातून नाव कमी. ऋतुजा शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार होती. जानेवारीत जिल्ह्याची स्पर्धा होती आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तिचा सहावा लेट लागला. म्हणजे आता एकच शिल्लक! एक सकाळ हुकली की कर्णधार घरी.

खो-खो म्हणजे त्या मुलीचा जीव. संध्याकाळी मैदानावर तिला पाहिलं की विश्वास बसत नसे, की सकाळी आपण हिलाच दोन हातांनी धरून मोरीपर्यंत नेलं होतं. तेव्हा मी ठरवलं, की आता परंपरेला शरण जायचं. एक दोनशेपानी वही आणली, रूळ आणि लाल पेनाने रकाने आखले: तारीख, उठवल्याची वेळ, उठणाऱ्याची सही. आमचं घरगुती कॉलबुक तयार झालं.

पहिल्या दिवशी सव्वापाचला हाक मारली. ऋतुजाने डोळे किलकिले केले, पेन घेतलं, झोकदार सही केली. मी समाधानाने अंघोळीला गेलो. सहाला बाहेर येऊन बघतो तर सही करणारी व्यक्ती तोंडावर पांघरूण घेऊन घोरतेय!

"अगं, तू सही केलीस!" मी वही तिच्या नाकासमोर धरली.

तिने सही बारकाईने पाहिली आणि विचारलं, "कधी?"

ती थट्टा करत नव्हती. मुलगी झोपेत सही करत होती, आणि तीही जागेपणी करते त्यापेक्षा सुबक. तिसऱ्या दिवशी वैशालीने माझ्या नकळत वहीत 'मी यापुढे रोज कारल्याची भाजी खाईन' असं लिहून ठेवलं. त्याखालीही सही झाली. वैशालीने ते पान जपून ठेवलं आहे.

त्यानंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. व्हॅन गेलेली असायची. मी स्कूटर काढायचो आणि ऋतुजा मागे बसून झोपायची. पाथर्डी फाट्यापासून शाळेपर्यंत किती गतिरोधक आहेत हे मला तोंडपाठ झालं, कारण प्रत्येकावर तिचं हेल्मेट माझ्या पाठीत बसायचं. एकदा फाटक बंद व्हायला अर्धं मिनिट असताना मी तिला आत ढकललं आणि युद्ध जिंकल्यासारखा घरी आलो. दुपारी कळलं, की ती डोळे मिटूनच चालत गेली आणि सातवीच्या वर्गात जाऊन बसली होती. पहिला तास संपेपर्यंत हे तिच्या लक्षात आलं नाही. वर्गावरच्या बाईंच्याही आलं नाही! त्याही साडेचारला उठून डबे करून आलेल्या.

एवढ्यात शाळेतून चिठ्ठी आली. मुख्याध्यापिका देवरे मॅडम नव्याने आल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, की या वयात मुलांच्या शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यांना रात्री लवकर झोप येत नाही आणि वाढीसाठी नऊएक तासांची झोप तर लागतेच. शेजारची नवी इमारत पूर्ण झाल्यामुळे दुपारच्या शाळेला वर्ग रिकामे करून द्यायची अडचणही आता उरलेली नाही. तेव्हा आठवी ते दहावीची शाळा सातऐवजी साडेआठला भरवावी काय? पालकांनी आपलं म्हणणं लेखी द्यावं, शनिवारच्या सभेत निर्णय होईल. आणि वेळ बदलली तर जुने लेट रद्द करून नव्याने मोजणी सुरू होईल.

घरात नाच सुरू झाला. ऋतुजा आणि वैशाली दोघी नाचत होत्या. मी मात्र पेटलो. घड्याळ पुढे सरकतं म्हणजे काय? आमच्या वेळी घड्याळं नव्हती का? आज साडेआठ मागतील, उद्या दहा मागतील, मग परीक्षाही झोपून देतील! मी वैशालीला सांगितलं, की या प्रस्तावाला मी लेखी विरोध करणार, एकटा नाही, सगळ्या कॉलनीच्या सह्या घेऊन. ती म्हणाली, "तुमची स्वतःची मुलगी एका लेटवर उभी आहे, हे लक्षात आहे ना?" मी म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझं अक्षर फार वाईट आहे. आमच्या कार्यालयात मी लिहिलेली नोंद वाचायला मलाच बोलावतात. त्यामुळे घरातले सगळे अर्ज ऋतुजाच्या अक्षरात जातात. अर्ज कसा लिहावा हे मीच तिला शिकवलं होतं: वर 'माननीय', मग विषय, मग वस्तुस्थिती सविस्तर, मग आदरपूर्वक दोन शब्द आणि मागणी अगदी शेवटी. सुरुवातीलाच मागणी केली की साहेब पुढचं वाचत नाही, असा माझा अनुभव. (शेवटी केली तर साहेब तिथपर्यंत पोहोचत नाही, हाही अनुभव आहे, पण तो मी तिला सांगितला नव्हता.)

तर मी विरोधाचा अर्ज सांगितला आणि तिने तो लिहून काढला. तोंड पाडून, पण एकही शब्द न बदलता. शेवटची ओळ लिहून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पप्पा, हा दिलात तर मी जानेवारीत खेळत नाही. एवढंच सांगते."

मी म्हणालो, "वेळेवर उठलीस तर खेळशील."

ती उठून आपल्या टेबलाशी गेली आणि दुसरा कागद घेऊन लिहायला बसली. नववीच्या मुलांनी वेळ बदलावी म्हणून पालकांच्या नावाने अर्ज करायचं ठरवलं होतं आणि अक्षर चांगलं म्हणून तो लिहायचं काम तिच्याकडेच आलं होतं. मी त्याला हरकत घेतली नाही. लोकशाही आहे. उलट मांडणी बघून मला समाधान वाटलं: माननीय, विषय, वस्तुस्थिती, सगळं मी शिकवल्याप्रमाणे. दोन्ही अर्ज जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी वाळत पडले.

सह्या कधी घ्यायच्या हा प्रश्न होता. आमच्या कॉलनीतले निम्मे लोक अंबडला कारखान्यात, कुणी पहिल्या पाळीला, कुणी तिसऱ्या. सगळे एकाच वेळी घरी सापडतात ते फक्त पहाटे. शिवाय कॉलबुकाने मला एक शहाणपण दिलं होतं: पहाटे माणूस प्रश्न विचारत नाही, सही देतो. गुरुवारी मी चारला उठलो. अंधारातच स्वेटर चढवला, टेबलावरचा अर्ज उचलला, 'विषय : शाळेच्या वेळेबाबत' ही ओळ बघितली, परीक्षेच्या पॅडला लावला, खाली पहिली सही स्वतःची ठोकली आणि बाहेर पडलो.

काय सांगू! त्या दोन पहाटे मी आयुष्यात पहिल्यांदा तात्यांचा मुलगा शोभलो. वरच्या मजल्यावरचे खैरनार टॉवेल गुंडाळून, तोंडात ब्रश धरून बाहेर आले. शाळेच्या वेळेबाबत, एवढं ऐकलं आणि भिंतीला पॅड टेकवून त्यांनी सही केली. निकम तिसऱ्या पाळीवरून नुकतेच आले होते. त्यांनी डोळे न उघडताच सही केली आणि तारखेच्या जागी स्वतःचा कारखान्यातला हजेरी क्रमांक घातला. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या गालाला साबण. अर्ज कुणीही वाचला नाही. फक्त आहेरवहिनींनी चष्मा आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यांचे दोन मुलगे आमच्याच शाळेत. त्या सकाळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाऊ, तुमच्याबद्दल मी वेगळंच ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मुलांची कळकळ आहे."

मला वाटलं, शिस्तीचं महत्त्व कळणारी एक तरी बाई कॉलनीत आहे! शुक्रवारी त्रेचाळीस सह्या घेऊन मी पाकिटाला गोंद लावला, शाळेच्या ऑफिसात दिलं आणि डायरीवर पोच घेतली. आवक-जावकचा माणूस पोच घेतल्याशिवाय काही देत नाही. पाकिटात काय आहे हे बघणं त्याच्या कामात येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तात्या मनमाडहून आले. डोळे तपासायचे होते. सभेचं कळल्यावर म्हणाले, नातीची शाळा बघायची राहिलीय, मी पण येतो. मला बरंच वाटलं. मी तीन पानी भाषण तयार केलं होतं आणि त्यात तात्यांच्या कष्टांवर एक आख्खा परिच्छेद होता.

शनिवारी शाळेचा हॉल भरला होता. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो: मी, वैशाली, तात्या. देवरे मॅडमनी सांगितलं, की सुटी पत्रं पाचसहा आली आहेत, पण एक सामूहिक अर्ज आहे, त्रेचाळीस पालकांच्या सह्यांचा, आणि पहिली सही श्री. गांगुर्डे यांची आहे. माना वळल्या. मी शर्टाची कॉलर सारखी केली.

मॅडम वाचू लागल्या. "आमची मुले अंधारात उठतात, उपाशी निघतात, पहिल्या तासाला बाकावर डोके टेकतात..."

हे माझ्या अर्जात नव्हतं. पण भाषा चांगली होती. मला वाटलं, ऋतुजाने उतरवताना थोडी भर घातली असावी. पोरगी हुशार आहे!

"त्यांना आम्ही आळशी म्हणतो. परंतु संध्याकाळी मैदानावर तीच मुले सर्वांत पुढे धावतात. मग सकाळी ती आळशी कशी होतात, याचा विचार मोठ्या माणसांनी करावा असे वाटते."

आता मला टेबलावर वाळत पडलेला दुसरा कागद आठवला. मागणी शेवटी आली, मी शिकवलं होतं तशीच, आदरपूर्वक: "तरी शाळेची वेळ सकाळी साडेआठ करावी, ही नम्र विनंती."

टाळ्या पडल्या. खैरनार मागच्या रांगेतून वाकून माझा हात हातात घेऊन म्हणाले, "गांगुर्डेसाहेब, तुम्ही असं काही लिहाल असं मला वाटलंच नव्हतं."

मी म्हणालो, "मलाही."

वैशाली माझ्याकडे बघत होती. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण तसं तिने त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, की पुढाकार घेतलेल्या पालकांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो. खिशात तीन पानं विरोधाची, समोर टाळ्या वाजवणारा हॉल आणि डाव्या हाताच्या खिडकीबाहेर खो-खोच्या मुली उभ्या. बाकीच्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ऋतुजा खाली जमिनीकडे बघत होती.

मला अजूनही खरं सांगता आलं असतं. अर्ज चुकून गेला, माझा विरोध आहे, माझी सही काढा. नियमाने तेच बरोबर होतं. मी घसा साफ केला. आणि घसा साफ केला की माझ्या तोंडातून आपोआप एकच वाक्य बाहेर पडतं.

"मी स्वतः पहाटे चारला उठून अभ्यास केला, म्हणून आज..."

"कवा?"

आवाज दुसऱ्या रांगेतून आला. तात्यांचा. आयुष्यभर बंद दारांपलीकडच्या माणसांना हाका मारलेला आवाज. त्याला माईक लागत नाही.

मी हळू आवाजात म्हणालो, "तात्या, दहावीला."

"दहावीला तीन दिस उठला व्हता. गणिताच्या पेपरला, इंग्रजीच्या पेपरला, आन् एकदा पोट दुखलं म्हणून." हॉलमध्ये खसखस पिकली. तात्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "तुझी शाळा अकराची व्हती. मी रात्रपाळी करून आठला घरी यायचो तवा तू घोरत असायचा. साडेआठाच्या आधी तुला उठलेला मी नाय पायला."

शाळा अकराची होती. खरंच अकराची होती! अकरा ते पाच. ही गोष्ट मला माहीत होती, पण इतक्या वर्षांत ती माझ्या वाक्याच्या आसपास कधी आली नव्हती.

"मग मला उठवलं का नाहीत?" मी विचारलं. सभा आहे हे मी विसरलो होतो.

तात्या काठीवर जोर देऊन उभे राहिले. "ड्रायव्हरला कॉल द्यायच्या आधी आमच्यात त्याची रेस्ट बघायची. डूटीवरून कवा उतरला, किती तास झोपला, ते आधी वहीत बघायचं. तास भरले नसतील तर साहेब स्वतः आला तरी आम्ही दार वाजवत नव्हतो. अर्ध्या झोपेचा माणूस गाडी ठोकतो." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुला तर लय लांब जायचं व्हतं. मी सारं मनमाड उठवलं. तुला नाय उठवलं. मी चपला हातात घेऊन घरात यायचो."

माझ्या तीन पानांत तात्यांच्या कष्टांवर जो परिच्छेद होता, त्यात या चपला नव्हत्या. मी कागद खिशातच ठेवला. खिडकीकडे बघितलं. ऋतुजाने मान वर केली होती.

"सही माझीच आहे," मी म्हणालो. "अर्जातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. तो मला आधी वाचायला मिळाला असता तर आणखी आधी मान्य झाला असता." या शेवटच्या वाक्याचा अर्थ हॉलमध्ये दोनच माणसांना कळला, त्यातली एक वैशाली होती. तिने पदर तोंडाला लावला. रडत नव्हती!

हात वर करून मतं घेतली. विरोधात चार हात. खाली बसल्याबसल्या निकमांनी शेजाऱ्याला विचारलं, की आपण नक्की कशावर सही केली होती, आणि उत्तर ऐकून त्यांनी दोन्ही हात वर केले. मॅडमनी जाहीर केलं: जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून शाळा साडेआठला, जुने लेट रद्द. खिडकीबाहेर जो आवाज उठला, त्याने शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले.

घरी जाताना ऋतुजा स्कूटरवर मागे बसली होती. पहिल्यांदाच जागी.

"पप्पा, तुमचा अर्ज टेबलावरच राहिला होता, तो माझ्या दप्तरात आहे," ती म्हणाली.

"तू कधी बघितलास?"

"गुरुवारी. सकाळी."

मी स्कूटर बाजूला घेतली. "गुरुवारी? मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी झोपेत होते ना," ती म्हणाली.

जानेवारीत पहिल्या आठवड्यात काहीतरी विचित्र घडू लागलं. मुलगी स्वतःहून सात वाजता उठू लागली. हाक नाही, पंखा नाही, वही नाही. नाश्ता करायची. नाश्ता करताना बोलायची सुद्धा! सकाळी ती बोलते हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तिचं म्हणणं, की पहिल्या तासाला फळ्यावर गणित असतं हे तिला नववीत आत्ताच कळलं. आणि जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात ती अडीच मिनिटं अशी पळाली, की समोरच्या संघाची एक मुलगी दमून खुंटाला धरूनच उभी राहिली. आमची शाळा जिंकली. तात्या डोळ्यांची तारीख पुढे ढकलून थांबले होते, ते माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी शिटी मारली. माझ्या वडलांना शिटी मारता येते हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी समजलं.

मी तर थेट कॉलनीचा नायक झालो. पहाटे घरोघरी फिरून सह्या गोळा करणारा, मुलांच्या झोपेसाठी लढणारा पालक! आहेरवहिनींनी तिळाच्या लाडवांचा डबा पाठवला. मी सुरुवातीला एकदोघांना खरं सांगून बघितलं. त्यांना तो माझा विनय वाटला. तिसऱ्याला मी सांगितलं नाही. लाडू चांगले होते.

शेवटी शाळेने विजेत्या संघाचा आणि पालक प्रतिनिधी म्हणून माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, सकाळी साडेआठला, प्रार्थनेच्या वेळी. आदल्या दिवशी मी शर्टाला इस्त्री केली आणि भाषणही लिहिलं. विषय: विद्यार्थिजीवनात झोपेचे महत्त्व.

सत्काराच्या दिवशी आठ वाजता ऋतुजा निघून गेली. वैशाली आणि तात्याही तिच्याबरोबर गेले. त्यांनी मला तीनदा हलवलं होतं म्हणे, आणि तिन्ही वेळा मी स्पष्ट आवाजात 'उठलो' म्हणालो होतो. जाग आली तेव्हा घड्याळात नऊला पाच कमी होते. एका पायात मोजा घालून स्कूटरला किक मारली आणि शाळेशी पोचलो तर फाटक बंद, आतून टाळ्यांचा आवाज आणि माझं नाव. माझी शाल माझी मुलगी घेत होती.

वॉचमन म्हणाला, साहेब, आत सोडतो, पण नवीन वेळेनंतर लेटची वही कडक आहे. त्याने वही उघडली. शाळेची वेळ बदलल्यापासून त्या पानावर एकही नाव नव्हतं. कोरं पान बघून मला, एक कार्यकर्ता म्हणून, अभिमान वाटला. त्याने पेन काढून पहिली ओळ लिहिली: गांगुर्डे. मग कारण विचारलं. मी म्हणालो, झोप. तेही लिहिलं. इयत्तेच्या रकान्याशी तो थोडा अडला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि लिहिलं, 'सत्कारमूर्ती.'